तेवीसशे दिवसांचा हिशेब

४५७ आणि १८४३ यांची बेरीज २३०० होते. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि व्हरमाँट या राज्यांच्या सीमेलगत लो हॅम्प्टन नावाचे खेडे आहे. तिथल्या विल्यम मिलर या शेतकऱ्याने १८१८ साली ही बेरीज मांडली आणि उत्तर पाहून तो धास्तावला. त्याच्या हिशेबाने जगाची जेमतेम पंचवीस वर्षे उरली होती. शेजारीपाजारी आणि ओळखीचे पाळक यांच्याशी तो या विषयावर बोलत असे. चारचौघांसमोर उभा राहून सांगायला मात्र त्याने तेरा वर्षे घेतली.

पुढे १८४४ च्या ऑक्टोबरात जे झाले त्याला अमेरिकेच्या इतिहासात ‘महानिराशा’ म्हणतात. ही हकिगत बहुधा भोळ्याभाबड्यांची फजिती म्हणून सांगितली जाते. (हसण्याआधी आपण १९६२ ची अष्टग्रही आणि तेव्हा जगबुडीच्या भीतीने गावोगाव झालेले यज्ञ आठवलेले बरे.) मला हे लोक भोळे वाटत नाहीत. ते पक्के हिशेबी होते, आणि सगळा घोटाळा हिशेबातच झाला.

मिलरचा जन्म १७८२ चा. लग्नानंतर तो व्हरमाँटमधल्या पोल्टनी गावी राहायला गेला. गावात वाचनालय होते आणि तिथे व्हॉल्टेअर, ह्यूम, टॉमस पेन यांची पुस्तके मिळत. बाप्टिस्ट घरातला हा मुलगा बघता बघता ‘डीइस्ट’ झाला. म्हणजे देव आहे, पण विश्व निर्माण करून तो बाजूला झाला, आता तो कुणाच्या भानगडीत पडत नाही, असे मानणारा. पाळक असलेल्या आजोबांची आणि काकांची नक्कल करून मित्रांना हसवणे हा त्याचा आवडता उद्योग. १८१२ च्या युद्धात तो कॅप्टन होता. ११ सप्टेंबर १८१४ रोजी प्लॅट्सबर्गच्या लढाईत कितीतरी मोठी ब्रिटिश फौज त्याच्या डोळ्यांदेखत माघारी फिरली. देव जर कशातच हात घालत नसेल तर हे घडले कसे, हा किडा तेव्हापासून त्याच्या डोक्यात शिरला.

युद्ध संपल्यावर तो लो हॅम्प्टनला परतला. गावच्या बाप्टिस्ट मंडळीत काका पाळक होते. ते परगावी गेले की एखादा डीकन छापील प्रवचन वाचून दाखवी, तेही इतके अडखळत की मिलरने त्या रविवारी जाणेच सोडले. आईने टोकले तेव्हा तो म्हणाला, मला वाचायला दिले तर येईन. मंडळीने त्याला शब्दात पकडले. सप्टेंबर १८१६ मध्ये, लढाईच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, असेच एक प्रवचन वाचता वाचता त्याला हुंदका आवरेना आणि तो मध्येच खाली बसला. त्या वर्षी न्यू इंग्लंडात जूनमध्ये बर्फ पडले होते, मका हातचा गेला होता. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकाचा हा परिणाम, हे तेव्हा कुणाला कळणार?

त्याचे तारण झाले, असे इव्हँजेलिकल मंडळी म्हणतील. आपण पापी आहोत आणि ख्रिस्ताने आपल्यासाठी प्राण दिला, हे आयुष्यातल्या एका क्षणी मनोमन पटणे आणि तिथून माणूस फिरणे, याला ते तारण म्हणतात. पुण्याची शिल्लक किंवा चर्चच्या वहीतले नाव तिथे उपयोगी पडत नाही. मिलर असा फिरला, पण त्याचे जुने डीइस्ट मित्र कुठे सोडतात? बायबल परस्परविरोधी वचनांनी भरलेले आहे असे तूच आम्हाला सांगायचास, आता काय झाले? मिलरने वेळ मागून घेतला.

त्याची रीत सांगण्यासारखी आहे. भाष्ये, टीका सगळे बाजूला ठेवले. समोर फक्त बायबल आणि क्रुडेनची शब्दसूची. उत्पत्तीच्या पहिल्या वचनापासून सुरुवात करायची, आणि वचन उलगडेपर्यंत पुढच्याला हात लावायचा नाही. ‘पशू’ आला की बायबलात हा शब्द जिथे जिथे येतो त्या सगळ्या जागा काढायच्या आणि त्यांवरून अर्थ लावायचा. दोन वर्षे हे चालले. पारख करायला पुरोहित लागत नाही, बिशप लागत नाही, हिब्रू-ग्रीकही लागत नाही. वाचता येणाऱ्या कुणालाही शास्त्रलेख शास्त्रलेखावर घासून पाहता येतो, ही त्याची पक्की धारणा झाली. पुढे त्याला जे भोगावे लागले त्याचे मूळ या धारणेत आहे.

दानीएलाच्या आठव्या अध्यायात दोन हजार तीनशे दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल असे एक वचन आहे. भविष्यवाणीत एक दिवस म्हणजे एक वर्ष, हा नियम मिलरचा नव्हे. खुद्द न्यूटनने तो मानला होता. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी आणि तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याच्या वेळचा अग्नी, असा अर्थ मिलरने लावला. मोजायला सुरुवात कुठून? पारसाचा राजा अर्तहशश्त याने एज्राला यरुशलेमेला पाठवले तिथून, म्हणजे इसवी सनापूर्वी ४५७ पासून. पुढच्याच अध्यायात सत्तर सप्तकांचे, म्हणजे ४९० दिवसांचे, भाकीत आहे. ४९० मधून ४५७ वजा केले की ३३ उरतात, आणि मिलरच्या मते ख्रिस्त वधस्तंभावर गेला ते हेच साल. ताळा जुळला. मग २३०० मधून ४५७ गेले की १८४३ का खरे नसावे?

१८३१ च्या ऑगस्टमधली एक शनिवारची सकाळ. आपण जगाला सांगायला हवे ही टोचणी असह्य झाली तेव्हा मिलरने देवाशी सौदा केला: कुणी बोलवायला आलेच तर जाईन. आपल्यासारख्या पन्नाशीला टेकलेल्या शेतकऱ्याला कोण बोलावतो, म्हणून तो निश्चिंत झाला. अर्ध्या तासात दारावर थाप पडली. बहिणीचा मुलगा जवळच्या ड्रेस्डेन गावाहून आला होता: उद्या आमच्याकडे पाळक नाहीत, मामा, तुम्ही येऊन लोकांना दुसऱ्या येण्याविषयी सांगा. मिलर एक शब्द न बोलता तरातरा बाहेर पडला आणि मेपलच्या झाडीत जाऊन देवाशी भांडला. लहान मुलीने धावत जाऊन आईला सांगितले की बाबांना काहीतरी झाले आहे. तासाभराने तो परत आला आणि भाच्याबरोबर निघाला.

तो जे सांगत होता त्याला तेव्हा फार कमी पाळकांची साथ होती. त्या काळच्या अमेरिकन चर्चांचा सूर भलताच आशावादी होता. चार्ल्स फिनी या नावाजलेल्या उपदेशकाच्या सभांनी १८३०-३१ च्या हिवाळ्यात रॉचेस्टर शहर ढवळून काढले होते. दारूबंदी, गुलामगिरीविरोध, रविवारच्या शाळा, मिशने अशा वाटेने जग सुधारत जाईल, हजार वर्षांचे सुखाचे राज्य माणसेच उभे करतील आणि मग ख्रिस्त येईल, असा हा क्रम. मिलर म्हणे, क्रम उलटा आहे. आधी ख्रिस्त येईल, मगच राज्य. सुधारणांनी जग वाचायचे नाही. खुद्द फिनीने बोस्टनमध्ये त्याला आपल्या खोलीवर बोलावून समजूत घालून पाहिली, उपयोग झाला नाही. १८३७ च्या आर्थिक मंदीत बँका बुडाल्या, गिरण्या थंडावल्या, आणि जग सुधारते आहे या बोलण्यातली हवा थोडी गेली. मिलरकडे बोलावणी वाढली.

तरी हे सगळे खेड्यापाड्यांपुरते राहिले असते. ते तसे राहिले नाही याचे श्रेय म्हणा, दोष म्हणा, जोशुआ हाइम्सचा. बोस्टनच्या चार्डन स्ट्रीट चॅपलचा हा तरुण पाळक, गुलामगिरीविरोधी चळवळीतला कार्यकर्ता, विल्यम लॉइड गॅरिसनचा स्नेही. सभा कशी भरवायची आणि पत्रक कसे काढायचे हे त्याला त्या चळवळीने शिकवले होते. १८३९ मध्ये त्याने मिलरला गाठून विचारले, तुमचा या गोष्टीवर खरोखर विश्वास आहे ना? मग जगाला का नाही कळले? १८४० मध्ये ‘साइन्स ऑफ द टाइम्स’ हे नियतकालिक निघाले, १८४२ मध्ये न्यूयॉर्कला ‘मिडनाइट क्राय’. चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल यांनी कापडी तक्ता तयार केला: सोन्याच्या मस्तकाचा पुतळा, पंखांचा सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता, लोखंडी दातांचे ते चौथे जनावर आणि त्यांच्या बाजूने उतरत जाणारे आकड्यांचे स्तंभ, सगळ्यांची बेरीज तळाशी १८४३. वचने ऐकून विसरता येतात. आकड्यांचा तक्ता माणूस घरी गेल्यावरही मनात मोजत बसतो. १८४२ च्या उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायरमध्ये ईस्ट किंग्स्टनच्या रानात पहिला मोठा तंबूमेळा भरला तेव्हा क्वेकर कवी व्हिटियर तिथे डोकावून गेला. त्याच्याही लेखात ही चित्रातली श्वापदे आली आहेत.

चिन्हेही हाताशी होती. १७८० च्या मे महिन्यात न्यू इंग्लंडात भर दुपारी काळोख झाला होता. १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे आकाशातून उल्कांचा पाऊस पडला होता. जोसायाह लिच या उपदेशकाने ११ ऑगस्ट १८४० ला तुर्की साम्राज्याची सत्ता मोडेल असे छापून सांगितले; त्या सुमारास सुलतानाने युरोपीय सत्तांचा आधार घेतला आणि लोकांनी ते भाकीत खरे झाल्याचे धरून टाकले. १८४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर दिवसाही दिसणारा धूमकेतू उगवला. आणि हे वेड अमेरिकेपुरते होते असेही नाही. जोसेफ वोल्फ हा ज्यू घरात जन्मलेला ख्रिस्ती मिशनरी बुखारा, काश्मीर, कलकत्ता करीत १८३३ मध्ये गोव्या-मुंबईपर्यंत आला होता. त्याच्या हिशेबाने ख्रिस्त १८४७ मध्ये यरुशलेमेत येणार होता.

मिलर स्वतः दिवस सांगत नसे. त्या दिवसाची आणि घटकेची कुणालाच खबर नाही, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्तच सांगतो, आणि हे वचन मिलरच्या तोंडावर रोज फेकले जाई. म्हणून तो ‘१८४३ च्या सुमारास’ एवढेच म्हणे. फारच आग्रह झाला तेव्हा त्याने ज्यू वर्षाच्या मापाने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ अशी मुदत दिली. याच दिवसांत चर्चांशी संबंध फाटले. बाप्टिस्ट, मेथडिस्ट मंडळ्या या लोकांना काढून टाकू लागल्या, आणि फिचने १८४३ च्या उन्हाळ्यात प्रोटेस्टंट चर्चांनाही भ्रष्ट ‘बाबेल’ ठरवून त्यांतून बाहेर पडा असे सांगितले. चळवळीत किती जण होते? पन्नास हजार ते एक लाख, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो.

२१ मार्च १८४४ आला आणि गेला. मिलरने चूक जाहीर कबूल केली. न्यूयॉर्क विद्यापीठातले हिब्रूचे प्राध्यापक जॉर्ज बुश (पुढच्या दोन राष्ट्राध्यक्षांचे दूरचे नातलग) यांनी त्याला लिहिले की तुमची कालगणना चुकलेली नाही, त्या वेळी काय घडणार हे तुम्ही चुकीचे समजलात. शिकलेला टीकाकारसुद्धा आकड्यांना हात लावायला तयार नव्हता. मग अनुयायी तरी कसे सोडतील? कुणीतरी दाखवून दिले की इसवी सनात शून्य साल नाही. इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इसवी सन १ येते. म्हणजे २३०० वर्षे पुरी व्हायला १८४४ उजाडावे लागणार.

ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झेटरला तंबूमेळा होता. एकेकाळचा जहाजाचा कप्तान जोसेफ बेट्स बोलत होता आणि प्रवचन काही रंगत नव्हते. श्रोत्यांतली एक बाई उठली: इथे एक बंधू आहेत, त्यांच्यापाशी नवा प्रकाश आहे, त्यांना बोलू द्या. सॅम्युएल स्नो उभा राहिला. त्याचा युक्तिवाद असा: ख्रिस्ताचा वध वल्हांडणाच्या वेळी झाला, म्हणजे वसंतातल्या सणांचा अर्थ पुरा झाला. पवित्रस्थानाची शुद्धी ज्या दिवशी होई तो प्रायश्चित्ताचा दिवस शरदातला, सातव्या महिन्याची दशमी. तेव्हा ख्रिस्त त्याच दिवशी येणार. त्या वर्षी ती दशमी कधी? रब्बींच्या पंचांगाने २३ सप्टेंबरला. पण कराई नावाचा जुना ज्यू पंथ वर्षारंभ यहूदियात जव पिकल्यावर धरी, आणि त्या रीतीने महिना पुढे सरके. टिळक आणि दाते पंचांगांत एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा पडला की कोकणात काही घरी गणपती महिनाभर आगेमागे बसतात, तशातली ही गोष्ट. स्नोने कराई पंचांग धरले आणि दिवस काढला: २२ ऑक्टोबर १८४४.

मिलरची रीतच मिलरवर उलटली ती इथे. ज्याला वाचता येते त्याने हिशेब तपासावा, हे त्याने गावोगाव शिकवले होते. आता हिशेब तपासून कुणी त्यात सुधारणा केली तर तू कोण, असे विचारायचा अधिकार त्याच्यापाशी उरला नव्हता. तो आणि हाइम्स दोघेही या तारखेपासून बराच काळ लांब राहिले. पण मेळ्यातून परतलेल्या लोकांनी बातमी न्यू इंग्लंडभर नेली, आणि मिलरला दिसू लागले की भांडणे मिटत आहेत, माणसे जुनी कर्जे फेडत आहेत, केलेल्या चोऱ्या कबूल करत आहेत. आकड्यांनी पटले नाही ते त्याला या पश्चात्तापाने पटवले. ६ ऑक्टोबरला त्याने होकार दिला. म्हणजे दिवसाला सोळाच दिवस राहिले असताना. ज्याच्या नावाने चळवळ ओळखली जाते तो तिच्या तारखेवर शेवटी शेवटी विश्वास ठेवणाऱ्यांपैकी होता.

न्यू हॅम्पशायरच्या न्यू इप्सविच गावात लेनर्ड हेस्टिंग्जने शेतातले बटाटे काढलेच नाहीत. शेजारी म्हणाले, आम्ही काढून देतो. तो म्हणाला, राहू द्या. ते जमिनीत आहेत हाच माझा उपदेश. फिलाडेल्फियात एका दुकानाच्या दारावर, राजांच्या राजाच्या स्वागतासाठी दुकान बंद आहे, अशा अर्थाची पाटी लागली. बफेलोला चार्ल्स फिच गार वाऱ्यात सरोवरात उभा राहून एकामागून एक तीन तुकड्यांना बाप्तिस्मा देत राहिला, तापाने फणफणला आणि १४ ऑक्टोबरला, आठ दिवस आधीच, वारला. लोक पांढरे झगे शिवून डोंगरावर, छपरांवर चढून बसले ही गोष्ट मात्र वर्तमानपत्रांनी रंगवलेली. पुढच्या अभ्यासकांनी शोधूनही तिला नीट पुरावा मिळाला नाही.

२२ ऑक्टोबरला मंगळवार होता. लोक घरांत, सभागृहांत, गोठ्यांत जमले आणि वाट पाहत राहिले. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट गिब्सन गावच्या हायरम एडसन या शेतकऱ्याने नंतर लिहून ठेवले आहे की घड्याळाने बाराचे टोल दिले तोवर धीर होता, त्यानंतर मात्र सगळे पहाटेपर्यंत रडले. सकाळी रस्त्यावर पोरे विचारत होती, अजून इथेच? काही गावांत जमावाने त्यांच्या सभागृहांची मोडतोड केली. एडसन एका सोबत्याबरोबर बाहेर पडला तो शेजाऱ्यांची टवाळी चुकवायला मक्याच्या शेतातून. तिथे चालता चालता त्याला सुचले की पवित्रस्थान पृथ्वी नव्हेच, ते स्वर्गातले. ख्रिस्त काल तिथल्या परमपवित्र स्थानी गेला. तारीख कायम ठेवून अर्थ बदलला, बुश प्राध्यापकांनी मार्चमध्ये सुचवले होते त्याच धर्तीवर. हेस्टिंग्जच्या बटाट्यांचे मात्र नशीब निघाले: त्या हंगामात शेजाऱ्यांचे लवकर काढलेले बटाटे रोगाने सडले, आणि याचे जमिनीत उशिरापर्यंत राहिलेले चांगले निघून चढ्या भावाने गेले, असे या चळवळीतून पुढे निघालेल्या अॅडव्हेंटिस्टांच्या इतिहासात मोठ्या चवीने सांगतात.

सगळ्यांना एडसनची वाट रुचली नाही. काहींनी नवी तारीख काढली, काही जुन्या चर्चांत परतले. सर्वांत कडवा वाद ‘बंद दारा’चा: २२ तारखेला तारणाचे दार लागले, आता बाहेरच्यांना उपदेश करण्यात अर्थ नाही, असे एक गट म्हणू लागला. मिलर काही आठवडे त्या बाजूला झुकला, मग मागे फिरला. एप्रिल १८४५ मध्ये ऑल्बनीला परिषद भरवून त्याने आणि हाइम्सने अतिरेकी गटांपासून आपली माणसे वेगळी काढली. त्याआधीच लो हॅम्प्टनच्या मंडळीने, जिथे प्रवचन वाचता वाचता तो रडला होता तिथेच, त्याला काढून टाकले होते. हाइम्सला त्याने कळवले की आता मी दुसरा काळ ठरवला आहे, आणि तो काळ म्हणजे आज. दृष्टी जवळजवळ गेलेली असताना २० डिसेंबर १८४९ ला तो वारला.

एडसनच्या गटात मेन राज्यातली एलन हार्मन होती. महानिराशेच्या वेळी ती सोळा वर्षांची होती. डिसेंबर १८४४ मध्ये तिला पहिला दृष्टान्त झाला. लग्नानंतर ती एलन व्हाइट झाली आणि १८६३ मध्ये बॅटल क्रीकला सुमारे साडेतीन हजार सभासदांनी सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट चर्च स्थापले. कॉर्नफ्लेक्सवाला डॉक्टर केलॉग याच चर्चच्या आरोग्यधामातला. पुण्यात औंध रस्त्यावरची ‘स्पायसर’ ही या चर्चची शिक्षणसंस्था आणि सॅलिसबरी पार्कातला त्यांचा परिसर पुणेकरांना ठाऊक असतो, त्याची मुळे न्यू हॅम्पशायरच्या त्या तंबूमेळ्यांत आहेत हे सहसा ठाऊक नसते. या चर्चने तारीख सांगण्याचा नाद पुढे पक्का सोडला.

बाकीच्या इव्हँजेलिकल जगाने निराळा धडा घेतला. मिलर ज्यासाठी भांडला तो क्रम, म्हणजे आधी ख्रिस्त आणि मग राज्य, पन्नाससाठ वर्षांत अमेरिकेत जिंकला. पण तो आला जॉन नेल्सन डार्बी या आयरिश पाळकाच्या नव्या मांडणीतून. तीत ख्रिस्त कोणत्याही क्षणी येऊ शकतो, त्याआधी काही घडण्याची गरज नाही आणि म्हणून दिवस मोजायचीही गरज नाही. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलने ही मांडणी घराघरांत नेली. मोजण्याची खाज मात्र गेली नाही. हॅरॉल्ड कॅम्पिंग या कॅलिफोर्नियातल्या रेडिओ-उपदेशकाने २१ मे २०११ ही तारीख जगभर फलक लावून सांगितली. तोही व्यवसायाने इंजिनिअर, तोही बायबलातले आकडेच जुळवणारा. पुढल्या वर्षी त्याने तारीख सांगणे हे पाप होते अशी कबुली दिली.

हाइम्स मिलरनंतर बरीच वर्षे जगला. म्हातारपणी तो एपिस्कोपल पाळक झाला, दूर साउथ डकोटात काम करू लागला आणि १८९४ मध्ये उपचारांसाठी केलॉगच्या आरोग्यधामातही राहून आला. १८९५ मध्ये नव्वदाव्या वर्षी तो गेला. सू फॉल्सच्या दफनभूमीतली उंचावरची जागा त्याने बिशपकडून आधीच मागून घेतली होती: गब्रिएल कर्णा वाजवील तेव्हा आपण टेकडीच्या माथ्यावर असावे, असे त्याचे म्हणणे होते.